ऑइल खाली उतरेपर्यंत

नेरेइदा आणि रादामेस यांची उतारू वाहणारी गाडी एकच, आणि तिला दिवसभर उसंत नसायची. पहाटेपासून दुपारपर्यंत नेरेइदा चालवायची, दुपारपासून रात्रीपर्यंत रादामेस. डोंगरावरच्या लोमा अल्ता वस्तीतून खाली सान्तियागोच्या बाजारात उतरायचं आणि पुन्हा वर यायचं, पुढं दोन उतारू, मागं चार. कुणी दार आपटलं की दोघंही एकाच सुरात ओरडायचे, "दार हळू लावा हो, फ्रीजचं नाही ते!" तेवढा एक सूर अजून जुळत होता.

दुपारी दोमितिलाच्या वाणसामानाच्या दुकानापुढं गाडी लागायची. नेरेइदा किल्ली काउंटरवर ठेवून पायी घरी जायची, मग रादामेस यायचा, किल्ली उचलायचा आणि निघायचा; रात्री गाडी आणि किल्ली तिच्या दारात सोडून जायचा. कधी दोघं एकाच वेळी दुकानात असले तर मानेनं ओळख द्यायचे. कागदोपत्री ते अजूनही नवरा-बायको होते, पण रादामेस चार गल्ल्या पलीकडं त्याच्या बहिणीकडं राहायचा. भांडण असं झालंच नव्हतं. तिचा गजर वाजायचा तेव्हा तो नुकता झोपलेला असायचा, आणि तो दमून यायचा तेव्हा ती गाढ झोपेत. एका उन्हाळ्यात तो म्हणाला, "मी ताईकडं झोपतो आज. तुझा गजर वाजला की माझी झोप मोडते." तो गेला. मग एकेक करून त्याचे कपडे गेले, दाढीचं सामान गेलं, चपला गेल्या. कुणी कुणाला सोडलं हे विचारलं असतं तर दोघांनाही सांगता आलं नसतं.

आणि आता गाडी ऑइल खायला लागली होती.

सकाळी गाडी सुरू केली की मागून निळ्या धुराचा असा लोट निघायचा की शेजारीण दोरीवरचे कपडे ओढत आत पळायची. "नेरेइदा, माझ्या चादरींना तळलेल्या माशाचा वास यायला लागलाय!" रोज सकाळी बॉनेट उघडून नेरेइदा ऑइलची पट्टी बघायची, खाली दिसली की बाटली ओतायची, आणि मनातल्या मनात नवऱ्याला शिव्या द्यायची. हा माणूस दिवसभर गाडी पळवतो आणि थेंबभर ऑइल टाकत नाही.

"दोमितिला, त्याला सांग, इंजिनला ऑइल लागतं, नुसतं पेट्रोल घालून भागत नाही."

दोमितिला वजनकाट्यावर साखर घालत असायची. "मी काय टपाल कचेरी आहे का गं? तू सांग ना. तोंड आहे तुला."

"तोंड दमलंय."

दोमितिलानं निरोप दिला, आणि उलट निरोप आला: "तिला म्हणावं, ऑइल मीच टाकतो. ती सकाळी पहिल्या गियरवर गाडी रडवत चढावर नेते, म्हणून इंजिन गेलंय."

असे निरोप बरेच दिवस चालले असते. पण एके दिवशी खालच्या थांब्यावर रांगेचा मुकादम नेरेइदाच्या खिडकीशी वाकला. हा माणूस एरवी सभ्य.

"बाई, हा धूर बंद करा. लोक नाकाला रुमाल लावून बसतात. मागच्या गाडीवाल्यांच्या तक्रारी आहेत. सोमवारनंतर अशी गाडी मी रांगेत घेणार नाही."

"दुरुस्त करते."

"हे तुम्ही गेल्या महिन्यात पण म्हणालात."

खरंच म्हणाली होती.

त्याच दुपारी किल्ली काउंटरवर न ठेवता ती गाडी घेऊन तेओफिलो मेस्त्रीकडं गेली. तेओफिलोचं गॅरेज म्हणजे एक आंब्याचं झाड आणि त्याखाली तेल पिऊन काळी झालेली माती. गुडघे गेल्यापासून म्हातारा उपड्या क्रेटवर बसूनच काम करायचा, निम्मं हातानं आणि निम्मं प्रश्न विचारून.

"धूर कधी येतो?"

"सकाळी. सुरू करताना. मग जातो."

"आणि दुपारी? संध्याकाळी?"

"दुपारी मी नसते."

"उतारावर, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढल्यावर?"

"मेस्त्री, मागं चार डोकी बसलेली असतात. आरशात मला लोकांचे केस दिसतात, धूर कुठून दिसणार?"

तेओफिलो हसला. "किती ऑइल टाकतेस?"

"दोन-तीन दिवसांत एक बाटली."

"आणि तो?"

"तो कशाला टाकतोय?"

"तुला काय माहीत?"

खरंच, तिला काहीच माहीत नव्हतं. म्हातारा क्रेटवरून कण्हत उठला आणि बॉनेटवर हात टेकून उभा राहिला. "असं बघ पोरी. अर्धा दिवस गाडी तुझ्याकडं, अर्धा दिवस त्याच्याकडं. दुखणं कुठं आहे ते अर्धं तुला माहीत, अर्धं त्याला. जा, त्याला घेऊन ये."

"निरोप पाठवते."

"निरोपानं इंजिन बरं होत नाही. दोघं या."

रादामेस आला तो तोंड पाडूनच. त्याची पाळी बुडत होती. झाडाखाली तो एका बाजूला उभा राहिला, नेरेइदा दुसऱ्या बाजूला, मध्ये गाडी. तेओफिलोनं तेच प्रश्न त्याला विचारले.

"सिग्नलला बराच वेळ उभी राहिली आणि मग निघाली की एक फुत्कार सोडते. आणि उतारावर. पाय काढून गाडी सोडली आणि खाली येऊन परत ॲक्सिलरेटर दिला की निळा धूर. मागची मोटरसायकलवाली पोरं शिव्या देतात."

"चढावर? भार घेऊन चढताना?"

"नाही. चढावर नाही."

"सकाळचं माहीत आहे तुला?"

"सकाळी मी झोपलेला असतो."

"हं. आणि ऑइल टाकतोस?"

"टाकतो म्हणजे काय? रोज! पेट्रोल भरायला थांबलो की तिथल्या तिथं पट्टी काढून बघतो. नेहमी खाली. हिनं कधी टाकलेलंच नसतं."

"मी टाकत नाही?" नेरेइदाचा आवाज चढला. "रोज सकाळी बाटली घेऊन कोण उभं असतं मग? तुझी ताई?"

"ताईला मध्ये आणू नकोस."

"गप्प बसा," तेओफिलो म्हणाला. "गाडी सकाळी कुठं उभी असते?"

"आमच्या गल्लीत. चढावर, तोंड वर करून," नेरेइदा म्हणाली.

म्हाताऱ्यानं कपाळावर हात मारला. गाडी झाडाखाली सपाटीवर होती आणि एव्हाना चांगली निवली होती. त्यानं पट्टी ओढली, फडक्यानं पुसली, पुन्हा घातली, पुन्हा ओढली आणि दोघांच्या नाकापुढं धरली. ऑइल वरच्या खुणेच्याही कितीतरी वर होतं.

"ही चढावर उभ्या गाडीची पट्टी बघते. हा इंजिन बंद केल्या केल्या बघतो, ऑइल अजून वर सगळीकडं लागलेलं असतं, खाली उतरलेलंच नसतं. दोघांनाही कमी दिसतं, दोघंही ओतता. गाडी पिते हे खरं. पण तुम्ही दोघं तिला पाजताय!"

रादामेसला हसू आलं. नेरेइदाला नाही आलं. तिला एवढंच वाटलं की इतक्या सकाळी उठून, अंधारात, हात काळे करून आपण जे करत होतो ते उलटंच होत होतं.

तेओफिलोनं जास्तीचं ऑइल काढून टाकलं, खुणेपर्यंत ठेवलं. "जास्त झालेलं ऑइल फेसाळतं, ब्रीदरच्या नळीतून वर जातं आणि जळतं. ते तर थांबेल. पण सकाळचा धूर नुसत्या त्यानं येत नाही. खरं दुखणं वेगळं आहे आणि ते किती आहे ते आधी मोजायला पाहिजे. मुकादमाला मी सांगतो थोडं थांबायला. आता कुणी एकट्यानं ऑइल टाकायचं नाही. रोज दुपारी दुकानापुढं, सपाटीवर, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबायचं. ऑइल खाली उतरू द्यायचं. मग दोघांनी मिळून पट्टी बघायची. दोघांनी, कळलं? म्हणजे नंतर माझ्याकडं येऊन एकमेकांची नावं सांगायला नकोत."

तेव्हापासून रोज दुपारी नेरेइदा आणि रादामेस दोमितिलाच्या दुकानापुढं उभे राहायला लागले.

पहिल्या दिवशी कुणी बोललं नाही. रादामेस रस्त्याकडं बघत राहिला, नेरेइदा स्वतःच्या बोटांकडं. दुकानाच्या पायरीवर डोमिनो खेळणारे म्हातारे मात्र खेळ विसरून या दोघांकडं बघत बसले. वेळ झाल्यावर पट्टी काढली. "बरोबर आहे." "हं." त्यानं किल्ली घेतली.

दुसऱ्या दिवशी दोमितिलानं दोन छोट्या पेल्यांतून कॉफी आणून बॉनेटवर ठेवली. "उभंच राहायचं तर पिऊन उभे राहा."

मग एके दिवशी रादामेस म्हणाला, "सीट इतकी पुढं का ओढतेस? रोज माझा गुडघा आपटतो."

"माझे पाय आखूड आहेत. पंचवीस वर्षांपूर्वी पण आखूडच होते."

"आणि रेडिओ. सुरू करावा तर पाद्र्याचं प्रवचन."

"उतारूंना आवडतं. तुझी ती बाचाताची विरहाची गाणी ऐकून बायका रडतात, मग उतरताना पर्स विसरतात."

"एकच विसरली होती."

"आणि ती मलाच शोधत आली."

असं काहीबाही. बोलणं फार नव्हतं, पण गप्प बसण्यापेक्षा कमी दमवणारं होतं. पट्टीवरची ऑइलची रेघ रोज जराशी खाली सरकत होती. दोघांना वाटत होतं तितकी वेगानं नाही, पण सरकत होती.

तेओफिलोनं मग प्लग काढले. दोन प्लग कोरडे होते, दोन काळे आणि ओले. त्यानं एकेका सिलिंडरला कॉम्प्रेशनचं मीटर लावलं आणि रादामेसला स्टार्टर मारायला लावला. मग प्रत्येकात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा तेच केलं.

"पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर ऑइल टाकल्यावर काटा चांगला वर उडाला असता. एका सिलिंडरला थोडा उडालाय. बाकीचे जिथं होते तिथंच. म्हणजे इंजिन पूर्ण खोलायची गरज नाही."

"मग धूर कशाचा?" नेरेइदानं विचारलं.

"सकाळी रात्रभर उभी राहून सुरू केली की धूर, सिग्नलला उभी राहून निघाली की धूर, उतार उतरून ॲक्सिलरेटर दिला की धूर, आणि भार घेऊन चढताना नाही. हे व्हॉल्व्हच्या सीलचं काम आहे. रबर कडक झालंय, त्यामुळं वरचं ऑइल व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ओघळत खाली जातं. अर्धं तू सांगितलंस, अर्धं त्यानं." म्हाताऱ्यानं स्वतःचे गुडघे दाबले. "पण मला आता तासन्‌तास वाकून उभं राहता येत नाही. हात तुमचे, डोकं माझं. चालेल?"

चालण्या-न चालण्याचा प्रश्नच नव्हता. गाडी उघडून पडली होती आणि दोघांनाही दुसरं काम नव्हतं.

हेड न उतरवता सील बदलायची तेओफिलोची एक युक्ती होती. प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी आत सारायची, आत भेंडोळं होईपर्यंत. मग इंजिन हातानं हळूहळू फिरवायचं, म्हणजे पिस्टन वर येऊन दोरीला दाबतो आणि व्हॉल्व्हला खालून टेकू मिळतो, तो आत पडत नाही. मग वरची स्प्रिंग दाबून धरायची आणि तिला अडकवून ठेवणाऱ्या दोन बारीक पाचरी चिमटीनं काढायच्या. रादामेस स्प्रिंग दाबायचा, नेरेइदाची बोटं बारीक म्हणून पाचरी ती काढायची.

जुनं पहिलं सील निघालं तेव्हा तिनं ते नखानं दाबून पाहिलं. रबर असं ते नव्हतंच, कडकन तुटलं.

"हे रोज पहाटे माझ्या नाकात जात होतं," ती म्हणाली.

"आणि रात्री माझ्या."

काम हळू चाललं होतं. ऊन झाडातून गळत होतं, वीज गेल्यामुळं पलीकडच्या घरातला पंखा बंद होता आणि कुठूनशी केळी तळल्याचा वास येत होता. तिसऱ्या सिलिंडरपाशी रादामेसचा हात थकला. दाबलेली स्प्रिंग सटकन सुटली आणि एक पाचर उडाली.

सगळे जागच्या जागी थिजले.

"आत गेली?" नेरेइदानं विचारलं.

तेओफिलोनं चष्मा पुढं ओढला. "ऑइल खाली उतरायच्या भोकांवर चिंध्या लावल्यात. आत गेली नसावी. पण सापडेपर्यंत इंजिन फिरवायचं नाही."

दोघं गुडघ्यांवर बसले आणि वाळक्या पानांत, तेलकट मातीत, गाडीखाली चाचपायला लागले. पाचर नखाएवढी, मातीच्याच रंगाची. बराच वेळ गेला. रादामेस पुटपुटत होता, "गेली, गेली. संपलं."

"तुझं हे नेहमीचं," नेरेइदा म्हणाली. "हात सोडून द्यायचा आणि मग म्हणायचं, संपलं."

"मी काय मुद्दाम सोडला?"

"मुद्दाम कशाला? तू मुद्दाम काहीच करत नाहीस. घरातून पण मुद्दाम गेला नव्हतास. एकेक शर्ट करून गेलास."

रादामेस मातीत हात ठेवून तसाच थांबला. तेओफिलो क्रेटवरून उठला आणि पाणी प्यायच्या निमित्तानं घरात गेला.

"मी एका रात्रीसाठी गेलो होतो," रादामेस म्हणाला.

"मग?"

"मग झोप लागली. किती वर्षांनी मला सलग झोप लागली होती गं. उठलो तर उन्हं वर आलेली. मला रडूच आलं. दुसऱ्या रात्री पण तिकडंच गेलो. तिसऱ्या रात्री वाटलं, तू बोलावशील. तू बोलावलं नाहीस."

"मला वाटलं, निदान एकाला तरी झोप मिळतेय."

"एवढंच?"

"एवढंच. तुला यापेक्षा मोठं काही पाहिजे होतं का?"

नेरेइदाला रडू येत नव्हतं. राग होता का, तेही तिला ठरवता येत नव्हतं. पाठ दुखत होती, हात काळे होते, आणि असं वाटत होतं की इथंच पानांवर आडवं व्हावं. तिनं बसल्या जागी गुडघा हलवला तर काहीतरी टोचलं. पान उचललं. पाचर तिच्या गुडघ्याखालीच होती.

"सापडली," ती म्हणाली.

रादामेसनं ती तिच्या हातातून घेतली, शर्टाला पुसली आणि परत तिच्या तळहातावर ठेवली. "या वेळी घट्ट धरतो," तो म्हणाला. आणि त्यानं खरंच दात-ओठ खाऊन स्प्रिंग दाबून धरली, तिचं काम होईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळी सील बसली. ब्रीदरची नळी काढली तर आत काळी घट्ट खळ साचलेली, ती रॉकेलनं धुतली. वरचं झाकण बसवलं, नवं ऑइल खुणेपर्यंत भरलं. गाडी रात्रभर तिथंच ठेवून सकाळी दोघांच्या देखत सुरू केली. आधी जुनं राहिलेलं ऑइल जळून जरासा धूर निघाला, मग साफ झालं. तेओफिलो मागं उभा राहून धुराच्या नळीपाशी हात धरून बघत राहिला.

"एका सिलिंडरच्या रिंगा थकलेल्या आहेत, तेव्हा थोडं खातच राहील," तो म्हणाला. "पण ते तिचं वय आहे. आठवड्यातून एकदा बघितलं तरी पुरे. रोज थांबायची गरज नाही."

रादामेसनं नेरेइदाकडं पाहिलं. तिनं किल्ली घेतली होती. सकाळची पाळी तिची होती.

मुकादमानं गाडी रांगेत घेतली. उतारू पूर्वीसारखे चढले, उतरले, दारं आपटली. दोघं पूर्वीसारखेच ओरडले. त्या आठवड्यात शनिवारी दुपारी किल्ली देताना नेरेइदा म्हणाली, "उद्यापासून रविवारी गाडी काढायची नाही."

"का? आता कुठं चांगली चालायला लागलीय."

"गाडी चालतेय. मी नाही चालत."

त्यानं विचार केला. "माझी पाळी पण नाही?"

"तुझी पण नाही. इतकी वर्षं चाललोय, एक दिवस काही होत नाही. आणि जेवायला ये. भात आणि राजमा करणार आहे, कोंबडी मिळाली तर कोंबडी."

रविवारी तो आला, अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, पाहुण्यासारखा. जेवताना फारसं बोलणं झालं नाही. भात चांगला झालाय म्हणाला, खरवड मागून घेतली. जेवण झाल्यावर व्हरांड्यातल्या झुलत्या खुर्चीत बसला आणि बसल्या बसल्या त्याची मान छातीवर गेली. नेरेइदानं भांडी तशीच पाण्यात टाकली, आत जाऊन पलंगावर पडली, आणि तीही झोपली. भर दुपारी, दार उघडं टाकून.

जाग आली तेव्हा फोन वाजत होता. मुलगी. पोर्तो रिकोत असते, रविवारी आईला आणि बापाला वेगवेगळे फोन करते.

"आई, बाबा फोन उचलत नाहीयेत. आत्याच्या घरी पण नाहीत. काळजी वाटली."

"झोपलेत."

"कुठं?"

"इथं. व्हरांड्यात."

मुलीनं जपून विचारलं, "काही झालंय का?"

"काही नाही गं. दमलेत. झोपू दे."

ऊन उतरल्यावर रादामेस उठला, तोंड धुतलं, उरलेली कॉफी थंडच प्यायला. तो राहायला परत आला नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. बहिणीकडं जायला निघताना दारात थांबून म्हणाला, "पुढच्या रविवारी केळी मी आणतो. पिकलेली की कच्ची?"

"कच्ची," नेरेइदा म्हणाली, आणि भांडी घासायला आत गेली.